एकाच दिवशी दाखल झालेले पाच प्रबंध : विद्यापीठातील संशोधन किती प्रकारचे असते?

दप्तरखाना (धागाकर्ता)

एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातील प्रबंध विभागात मी पंचवीस वर्षे काम केले. परीक्षा विभागाकडून प्रबंध आले की ते दाखल नोंदवहीत चढवायचे, त्यांना वर्गांक द्यायचा, पाठीवर चिठ्ठी डकवायची आणि मांडणीवर लावायचे, असे ते काम होते. बाहेरून सगळे प्रबंध सारखेच दिसत. काळे किंवा गडद निळे रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरांत विषय, संशोधकाचे नाव, मार्गदर्शकाचे नाव आणि वर्ष.

एके दिवशी ढकलगाडीवरून पाच प्रबंध एकत्र आले. रसायनशास्त्राच्या प्रबंधात निम्म्याहून अधिक पाने आलेखांची होती. गणिताचा प्रबंध सत्तर-ऐंशी पानांचा होता आणि त्यातही बऱ्याच पानांचा खालचा भाग कोरा होता. मराठीच्या प्रबंधाचे दोन खंड होते आणि दुसरा खंड संपूर्णपणे एका तालुक्यात गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांनी भरला होता. इतिहासाच्या प्रबंधाला मोडी कागदांचे देवनागरी लिप्यंतर जोडलेले होते. भूगोलाच्या प्रबंधाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागदी खिसा होता आणि त्यात हाताने रंगवलेला, आठ घड्या घातलेला नकाशा होता. नोंदवहीच्या ‘पृष्ठसंख्या’ या रकान्यात या पाचांचे आकडे मी एकाखाली एक लिहिले आणि माझ्या मनात आले की या पाच जणांनी केलेल्या कामात सारखे म्हणावे असे एवढेच काय ते आहे. एकाचा पुरावा परीक्षानळीत होता, दुसऱ्याचा निव्वळ तर्कात, तिसऱ्याचा म्हाताऱ्या बायकांच्या स्मरणात, चौथ्याचा रुमालांत बांधलेल्या कागदांत आणि पाचव्याचा पायांखालच्या जमिनीत. पदवीचे नाव मात्र पाचही जणांसाठी एकच होते.

हा धागा काढण्याचे कारण असे की, विद्यापीठात संशोधन चालते म्हणजे नेमके काय चालते, हा प्रश्न माझ्या घरातल्या शिकलेल्या माणसांनीही मला अनेकदा विचारला आहे आणि बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पांढरा अंगरखा घातलेला माणूस आणि काचेची उपकरणे एवढेच चित्र असते. ते चित्र खोटे नाही, पण फार तोकडे आहे.

पुण्याचेच उदाहरण घेतो, कारण तो परिसर माझ्या पायांखालचा आहे. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू होते आणि २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. गणेशखिंडीतील हा परिसर सुमारे ४११ एकरांचा आहे. तेथे सकाळी फिरायला गेलेल्या माणसाला तासाभराच्या चालण्यात पाली आणि संस्कृतचे विभाग लागतात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांचा वास येतो, आणि विद्यापीठाच्या प्रशासनाखाली नसलेल्या पण त्याच आवारात वसलेल्या संस्थाही भेटतात. १९८८ साली स्थापन झालेली आणि जयंत नारळीकरांनी उभारलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था तेथे आहे, पेशींवर संशोधन करणारे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र तेथे आहे आणि गोविंद स्वरूप यांनी घडवलेले राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रही तेथेच आहे. या शेवटच्या संस्थेची दुर्बीण मात्र गणेशखिंडीत नसून नारायणगावाजवळ खोडद येथे आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या द्राक्षबागा आणि कांद्याच्या शेतांमध्ये पसरलेल्या आहेत. लांबून त्या भरीव वाटतात, पण जवळ गेल्यावर दिसते की त्यांचा पृष्ठभाग बारीक पोलादी तारांच्या जाळीचा आहे. तेथे पकडायच्या रेडिओ लहरी इतक्या लांबीच्या असतात की त्यांना जाळी आणि भरीव पत्रा यांत फरक पडत नाही, आणि वारा मात्र जाळीतून निघून जातो. जाळीमुळे तबकडी हलकी झाली, खर्च आवाक्यात आला, आणि एवढी मोठी दुर्बीण आपल्या देशात उभी राहू शकली. विश्वाच्या टोकाशी काय आहे हा प्रश्न आणि वाऱ्याचा दाब कसा कमी करायचा हा प्रश्न एकाच संशोधनाचे दोन भाग होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोशाचे काम सुरू केले. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून त्यांतील शब्द चिठ्ठ्यांवर उतरवण्यात आले आणि अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तेथील लोखंडी कपाटांत अक्षरानुक्रमे लावलेल्या आहेत. मी पाहिलेल्या चिठ्ठीवर डोक्याशी शब्द होता, त्याखाली तो शब्द ज्या ओळीत आला ती ओळ, मग ग्रंथाचे नाव आणि स्थान. कोणाच्या तरी वळणदार हस्ताक्षरात, टाकाच्या शाईने. कोशाचा पहिला खंड सत्तरच्या दशकात निघाला. त्यानंतर आजपर्यंत तीसहून अधिक खंड निघाले आहेत आणि तरीही ‘अ’ या आद्याक्षराचेच शब्द चालू आहेत. पुण्याच्याच भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून पाठ ठरवण्याचे, काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पूर्ण झाले. ज्यांनी त्या कामाची पद्धत घालून दिली ते विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ सालीच निवर्तले होते.

माझे म्हणणे येथे आहे. संशोधनाचे प्रकार विषयांनुसार वेगळे असतात हे सर्वांना ठाऊक असते, परंतु पुरावा कशाला म्हणायचे आणि त्याला किती वेळ लागतो, या दोन गोष्टी विषयागणिक मुळातूनच बदलतात याचा आपण विचार करत नाही. वर्षाअखेरीस सर्व विभागांकडे एकच तक्ता येतो आणि त्यात एकच प्रश्न असतो, की यंदा किती शोधनिबंध प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांत निकाल देणारा प्रयोग आणि तीन पिढ्यांत पूर्ण होणारा कोश यांना एकच माप लावले की नुकसान नेहमी मंदगतीच्या कामाचे होते, असे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

येथे अनेक विषयांचे जाणकार आहेत. आपल्या विषयात पुरावा कशाला म्हणतात आणि तो मिळवायला काय करावे लागते, हे आपण सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

घोडकाठ

दप्तरखाना, लेख मनापासून आवडला. मी शिरूर तालुक्यातला आहे आणि इनामगावचे उत्खनन आमच्या घरात बोलण्याचा विषय होता, कारण माझे वडील तरुणपणी तेथे दोन हंगाम मजुरीला जात होते. घोड नदीच्या काठच्या त्या पांढरीत डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाने १९६८ ते १९८३ या काळात खोदकाम केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावे वडील घरच्या माणसांची घ्यावीत तशी घेत असत.

वडिलांना पहिल्या हंगामात सर्वांत नवल वाटले ते याचे, की सोने-नाणे शोधायला आलेली वाटणारी ही माणसे राख, जळके दाणे आणि हाडांचे तुकडे पिशव्यांत भरून, त्यावर चिठ्ठी बांधून ठेवत. माती टाकून देण्याआधी ती चाळायची, हा तेथला नियम होता. त्या पिशव्यांमधून पुढे जे निघाले ते आज अभ्यासक्रमात शिकवले जाते. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती, ते जव पिकवत, त्यांनी पाण्यासाठी पाट आणि बांध घातला होता. शेवटच्या काळात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शेती कमी होऊन शिकार आणि पशुपालनावरचा भर वाढला, आणि पाऊसमान घटल्याशी त्याचा संबंध जोडला गेला.

लहान मुलांचे दफन घरातल्या जमिनीखाली होत असे. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यांत मूल. वडील सांगत की, अशी पहिली जोडी उघडली तेव्हा खड्ड्याभोवती उभ्या असलेल्या बायकांपैकी कोणीही बोलले नाही आणि त्या दिवशी दुपारची भाकरी कोणी नीट खाल्ली नाही. तीन हजार वर्षांपूर्वीचे असले तरी ते मूल होते.

आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे, की पुरातत्त्वात पुरावा म्हणजे वस्तू नव्हे. वस्तू ज्या थरात आणि ज्या वस्तूंच्या शेजारी सापडली ती जागा हा पुरावा आहे. मडके जागेवरून हलवले आणि नोंद राहिली, तर अभ्यास शिल्लक राहतो. नोंद न करता हलवले तर हातात फक्त मडके उरते. शिवाय खोदकाम एकदाच करता येते. रसायनशास्त्रज्ञ आपला प्रयोग पुन्हा करू शकतो, आमचा प्रयोग करता करताच नष्ट होतो, म्हणून नोंदवहीला आमच्याकडे इतके महत्त्व.

सडा_पठार

वनस्पतिशास्त्राच्या बाजूने लिहितो. माझे शिक्षण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात झाले. ते १९६२ साली स्थापन झाले आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील सडे, म्हणजे खडकाळ पठारे, जवळ असल्यामुळे तेथे वनस्पतींच्या वर्गीकरणाची परंपरा चांगली रुजली. कंदीलपुष्पांच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, अनेक दुर्मीळ जाती विद्यापीठाच्या उद्यानात जोपासलेल्या आहेत आणि त्यांतील बऱ्याच जाती पश्चिम घाटाबाहेर कोठेही आढळत नाहीत.

या फुलाची रचना एकदा भिंगातून पाहण्यासारखी आहे. फुलाची नळी आतून केसाळ असते आणि ते केस खालच्या दिशेने वळलेले असतात. वासाने ओढली गेलेली लहानशी माशी आत उतरते, पण केसांमुळे तिला वर चढता येत नाही. काही काळाने केस कोमेजतात आणि अंगाला पराग चिकटलेली माशी सुटून पुढच्या फुलाकडे जाते. हे झाड वर्षातले बरेच महिने जमिनीखाली कंदाच्या रूपात असते आणि पावसाळ्यात काही आठवडेच फुलते. म्हणजे एखाद्या जातीचे फूल या वर्षी हुकले, तर संशोधकाचे एक वर्ष गेले. मी स्वतः एका कड्यावरच्या झाडासाठी सलग तीन पावसाळे गेलो. पहिल्या वर्षी उशीर झाला, दुसऱ्या वर्षी कंद कोणीतरी खाण्यासाठी उकरून नेले होते, तिसऱ्या वर्षी फूल मिळाले.

गेंदाच्या, म्हणजे एरिओकॉलॉनच्या, जाती तर डोळ्यांनी पाहून सांगताच येत नाहीत. कासच्या पठारावर पांढऱ्या गोंड्यांचा जो गालिचा दिसतो त्यात किती जाती आहेत हे ठरवायला बी सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्याच्या पृष्ठभागावरची नक्षी पाहावी लागते.

आमच्याकडे पुरावा म्हणजे हर्बेरियमचा कागद. नवी जात वर्णन केली की ज्या नमुन्यावरून ते वर्णन केले तो वाळवलेला नमुना कागदावर शिवून, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहून संग्रहालयात ठेवावा लागतो आणि पुढे शंभर वर्षांनीही कोणाला शंका आली तर तो कागद काढून पाहता येतो. असा संग्रह सांभाळणे, डांबराच्या गोळ्या बदलणे, किडलेले कागद वेगळे करणे, याला मात्र कोठल्याही तक्त्यात रकाना नाही. संग्रह सांभाळणाऱ्या सहायकाची जागा निवृत्तीनंतर भरली गेली नाही की दोन पावसाळ्यांत काय होते, हे मी एका संस्थेत पाहिले आहे. तेथली तीन कपाटे बुरशीने गेली.

सरळरेघ

वरचे प्रतिसाद वाचून आनंद झाला, तरी एक कटू बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. मी महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. माझ्या आजूबाजूला ज्या पीएच.डी. झाल्या त्यांतील कितीतरी केवळ नेमणुकीसाठी किंवा बढतीसाठी झाल्या. एका जिल्ह्यातील शंभर ग्राहकांना प्रश्नावली द्यायची, टक्केवारीचे तक्ते करायचे, ‘ग्राहकांमध्ये जागरूकता वाढवणे आवश्यक आहे’ असा निष्कर्ष काढायचा आणि पुढच्याने जिल्हा बदलून तेच करायचे. इनामगाव आणि महाकोश ही अभिमानाची उदाहरणे आहेत, पण आपल्याच मांडणीवरील बहुसंख्य प्रबंध त्या दर्जाचे होते, असे दप्तरखाना म्हणू शकतील का? विविधता आहे हे मान्य, परंतु विविधतेच्या नावाखाली निकृष्ट कामाला आसरा मिळत असेल, तर काहीतरी समान माप हवेच ना?

दप्तरखाना (धागाकर्ता)

सरळरेघताई, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच आहे. शेवटची काही वर्षे तर असे प्रबंध माझ्या हातून गेले की शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन प्रबंधांतील प्रकरणांची शीर्षकेही जिल्ह्याचे नाव वगळता सारखी होती. मी ते वरिष्ठांच्या नजरेस आणून दिले, पण दाखल करणे एवढेच आपले काम, असे मला सांगण्यात आले. त्याची खंत आजही आहे.

परंतु समान माप लावल्यावर काय झाले, हेही पाहिले पाहिजे. शोधनिबंधांच्या संख्येला गुण मिळू लागले, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. त्याचा पुरावा पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनीच पुढे आणला आणि तो ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झाला. विद्यापीठांनी शिफारस केल्यामुळे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ नियतकालिके त्यांनी तपासली. पत्ता खरा आहे का, संपादक कोण आहेत, समीक्षा होते का, असे साधे निकष त्यांनी लावले, आणि त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके त्या निकषांवर उतरली नाहीत. त्याच वर्षी आयोगाने हजारो नावे यादीतून काढली, नव्या यादीचे काम पुणे विद्यापीठातील कक्षाकडे सोपवले, ती ‘केअर’ यादी पुढे काही वर्षे चालली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद करून निर्णय विद्यापीठांवर सोपवला. संशोधनाचेच संशोधन करणारा हा प्रकार माझ्या मूळ लेखात राहून गेला होता. आपल्यामुळे त्याची आठवण झाली.

सरळरेघ

हा अभ्यास मला ठाऊक नव्हता, आभारी आहे. वाङ्मयचौर्याबद्दलचे आयोगाचे २०१८ चे नियम मात्र मला उपयोगी वाटतात. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई आणि साठ टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द, एवढी स्पष्टता त्यांत आहे. तरीही संगणकाला शब्द जुळलेले दिसतात, विचार उसना घेतलेला दिसत नाही, आणि माझ्या क्षेत्रातला खरा रोग दुसऱ्या प्रकारचा आहे.

मोजपट्टी

मी आरोग्यक्षेत्रात क्षेत्र-कार्यकर्ती म्हणून काम केले आहे, संशोधक म्हणून नव्हे. तरी वेळ किती लागतो या प्रश्नावर लिहावेसे वाटते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला आणि त्यात इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांचा सहभाग होता. गरोदर राहण्याच्या आधीपासून बायकांची वजने-मापे घेतली, त्या काय खातात आणि किती राबतात याच्या नोंदी केल्या आणि पुढे जन्मलेल्या बाळांची मापे घेतली. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. बाळे एवढी लहान असूनही त्यांच्या पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती, स्नायू कमी होते. ‘बारीक पण चरबीयुक्त भारतीय बाळ’ ही कल्पना त्यातून जगापुढे आली. पुढे ती मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली, तेव्हा असे दिसले की गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे जीवनसत्त्व जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला होणारा प्रतिरोध अधिक होता. मधुमेहाची मुळे आईच्या ताटापर्यंत जातात, हे सांगायला आधी मुले मोठी व्हावी लागली. त्याला दुसरा इलाज नव्हता.

अशा कामाचा पाया घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्या असतात. मी दुसऱ्या एका अभ्यासात काम केले. बाळाच्या दंडाची जाडी मोजण्याचा चिमटा रोज सकाळी तपासून घ्यावा लागे, एकाच बाळाचे माप तीनदा घ्यावे लागे आणि दोन कार्यकर्त्यांच्या मापांत ठरल्यापेक्षा जास्त फरक आला तर दोघींना पुन्हा शिकायला बसवत. कापणीच्या दिवसांत बाई घरी नसते, म्हणून आम्ही शेताच्या बांधावर काटा नेत असू. एका सासूबाईंनी मला विचारले होते, ‘दर साल येतीस, मोजतीस आन् जातीस, औषध कवा देणार?’ त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. ज्यांच्या अंगावरून संशोधन होते त्यांना निष्कर्ष समजेल अशा भाषेत परत सांगणे, हे संशोधनाच्या आराखड्यातच असले पाहिजे, असे मला त्या दिवसापासून वाटते.

बिंदुरेषा

गणितापुरते थोडक्यात. आमच्याकडे पुरावा म्हणजे सिद्धता, आणि ती एकदा बरोबर ठरली की कायमची बरोबर असते. दप्तरखाना यांनी पाहिलेली कोरी पाने आळसाची नव्हेत. टाकून दिलेले कागद प्रबंधाला जोडत नाहीत, इतकेच. माझ्या प्रबंधातील मुख्य प्रमेय पाऊण पानाचे आहे आणि त्याला चार वर्षे लागली.

काचपट्टी

भौतिकशास्त्रातील पातळ थरांवर कोल्हापुरात पुष्कळ काम झाले आहे आणि त्याची एक पद्धत कोणालाही डोळ्यांसमोर आणता येईल अशी आहे. चार चंचुपात्रे ओळीने मांडायची. काचेची स्वच्छ पट्टी पहिल्या द्रावणात बुडवायची, दुसऱ्यात म्हणजे साध्या शुद्ध पाण्यात खळबळायची, तिसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा पाण्यात धुवायची आणि हीच फेरी शंभर वेळा करायची. प्रत्येक फेरीला धन आणि ऋण आयनांचा अतिशय पातळ थर काचेवर चढतो. मी पहिल्या वर्षी हे हाताने केले, घड्याळाचा सेकंदकाटा पाहत. महागडी निर्वात यंत्रे परवडत नसलेल्या विद्यापीठांनी ही स्वस्त वाट पत्करली आणि तिच्यातून सौरघटापासून विद्युत साठवणाऱ्या महाधारित्रांपर्यंतचे संशोधन उभे राहिले. विषयांची विविधता ही अनेकदा अशी तुटपुंज्या साधनांतूनही जन्माला येते, एवढे मूळ लेखात जोडावेसे वाटते.

नातेगोते

मला एका वेगळ्या अंगाने लिहायचे आहे. आपण सर्वजण विषय वेगवेगळ्या कपाटांत ठेवून बोलत आहोत, पण इरावती कर्वे यांना कोणत्या कपाटात ठेवणार? मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे त्यांनी १९२८ साली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला. नंतर बर्लिनला जाऊन माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेवर पीएच.डी. केली आणि कवटीच्या आकारावरून वंशाची श्रेष्ठता सिद्ध होत नाही, असाच निष्कर्ष आपल्या मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध मांडला. पुढे डेक्कन कॉलेजात आल्यावर भारतभरातील नातेसंबंधांच्या रचनेवर त्यांनी ग्रंथ लिहिला, गुजरातेत लांघणज येथील उत्खननात सांकलियांबरोबर सापळ्यांचा अभ्यास केला आणि कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांची पाहणीही केली.

मी त्या कोयनेच्या पाहणीमुळेच या विषयात आले, कारण आमचे आजोळ त्या पाण्याखाली आहे. कवटी मोजणारी, भावकीची नावे लिहून घेणारी आणि विस्थापितांना ‘नव्या गावात तुमच्या मुलीला स्थळ कोण देते’ असे विचारणारी बाई एकच होती. हा शेवटचा प्रश्न मी माझ्या शब्दांत लिहिला आहे, पण नात्यागोत्यांची वीण तुटणे हा नुकसानीचाच भाग आहे, ही नजर तिला आधीच्या तीस वर्षांच्या कामातून आली असली पाहिजे. आज अशा व्यक्तीने अर्ज केला, तर कोणत्या विभागाची समिती तिची मुलाखत घेईल, याची मला खरोखर काळजी वाटते.

घोडकाठ

नातेगोते, इनामगावच्या कामातही हेच होते. मातीचा, बियांचा, जनावरांच्या हाडांचा आणि माणसांच्या दातांचा जाणकार एकाच विभागात, एकाच जिन्यावर भेटत असत. वडील म्हणत, त्यांच्यात भांडण लागले की कामाला रंगत येई.

सरळरेघ

चार दिवसांनी परत येत आहे. दप्तरखाना, आपल्या लेखामुळे मी ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर प्रथमच वेळ काढून बसले. पाच लाखांहून अधिक प्रबंध तेथे विनामूल्य वाचता येतात हे माहीत होते, पण मी आजवर फक्त माझ्या विषयाचे पाहत आले. या वेळी माझ्या माहेरच्या तालुक्याचे नाव घालून शोधले, तर भूगोलाचा एक जुना प्रबंध मिळाला. तो तालुक्यातल्या विहिरींवर आहे. गावोगावच्या विहिरींची खोली, उन्हाळ्यातली पाण्याची पातळी आणि मोट की इंजिन, असे सगळे त्यात नोंदले आहे. आमच्या मळ्यातल्या विहिरीची खोली त्यात आहे. ती विहीर आता बुजवलेली आहे आणि तिच्याबद्दलचा दुसरा कोणताही कागद आमच्याकडे नाही. प्रबंधाचा निष्कर्ष साधारण आहे, मीच परीक्षक असते तर कदाचित नापसंत केला असता. तरी तो मी रात्री दोनपर्यंत वाचला.

एक अडचण आहे. मजकुरात ‘सोबतचा नकाशा पाहा’ असे वारंवार म्हटले आहे, पण संगणकावरच्या प्रतीत नकाशा कोठेही नाही.

दप्तरखाना (धागाकर्ता)

ताई, तो मागच्या खिशात असेल. घड्यांचे नकाशे मोठे असल्यामुळे पाने उतरवण्याच्या यंत्रावर बसत नाहीत, म्हणून बऱ्याच जुन्या प्रबंधांचे नकाशे संगणकावर आलेलेच नाहीत. प्रबंध ज्या विद्यापीठाचा आहे तेथील ग्रंथालयात मूळ प्रत असेल. ओळखपत्र बरोबर न्या, प्रबंध विभागात दाखल क्रमांक सांगा आणि प्रत हातात आली की आधी मागचा पुठ्ठा उघडून पाहा. नकाशा टेबलावर पूर्ण पसरूनच उलगडा. जुना कागद घडीवर फाटतो.